बागेतल्या खोपीला तीन खिडक्या

कोरगावात एक जुनं घर पाडत होते. त्यातलं लाकूडसामान अंगणात विकायला मांडलं होतं. शिंपल्यांच्या चकत्या बसवलेली एक खिडकी दिसली आणि मी तिच्यावर झडपच घातली... तर दुसऱ्या टोकाला एक पुरुषी हात!

"सोड. मी आधी बघितलीय."

"बघितली तू, पण धरली मी." तो हसला. "घेऊन करतलीस काय?"

"रोपांसाठी बागेत लाकडी खोप बांधायचीय मला."

"बांधतलो कोण?"

"मिळेल कुणीतरी सुतार."

"मेळलो," तो म्हणाला आणि खिडकी उचलून सरळ माझ्या स्कूटरकडे चालू लागला. मी बघतच राहिले.

तो साईश. डिचोलीचा मेस्त, म्हणजे आमच्याकडचा सुतार. आलेख-कागदावर मी नकाशा काढून दिला होता : दहा बाय आठ, उतरतं छप्पर, पूर्वेला एकच खिडकी. काम आठ दिवसांचं. लागला महिना, आणि दोष माझा! तो कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारायचा ना, तेव्हा माझं कशातच लक्ष राहायचं नाही. मग वारा आरपार हवा म्हणून मी दुसरी खिडकी काढायला लावली. मिरचीच्या रोपांना संध्याकाळचं ऊन हवं म्हणून तिसरी.

"बरं, बाय," एवढंच तो म्हणायचा. वाद नाही, प्रश्न नाही.

चौथी भिंत दाराची होती. खिडकीसाठी आता भिंतच उरली नव्हती. दार बसलं की काम संपणार, आणि उद्यापासून तो केरीला एका हॉटेलच्या कामावर जाणार. महिनाभर रोज समोर होता... पण तो काही बोलला नाही आणि मीही नाही.

त्यात आईने फर्मान काढलं, "चौकट पुजल्याशिवाय दार लावचं नाय." खोप असली म्हणून काय झालं! दहा वाजता आई-बाबा पूजेला बसणार होते. भटजी मात्र नवालाच हजर. त्यांना पुढे केरीला सत्यनारायण होता. बाबा हार आणायला पेडण्याला गेलेले, आई स्वयंपाकघरात शिऱ्यापाशी. चौकटीपाशी फक्त मी आणि साईश. पूजेत मेस्ताला मान असतो, म्हणून तो नवाकोरा शर्ट घालून आला होता.

भटजींनी घड्याळ बघितलं, मग त्याचा शर्ट, मग माझी साडी.

"जावयबापू, बसा पाटावर. बाय, तू त्यांच्या उजवीकडे. हाताला हात लाव."

मी हादरले. आता हा सांगेल, आत्ता सांगेल... आणि साईश चक्क पाटावर बसला! भटजींना खोळंबून कशाला ठेवायचं, म्हणून मीही बसले. निदान तेव्हा तरी मी स्वतःला तसंच समजावलं. बोटं त्याच्या हाताला लागली.

"सांग ना त्यांना!" मी कुजबुजले.

"तू सांग. पूजा तुमची."

"पण तू बसलास कशाला?"

"आणि तू गो?"

"मंत्र चालू असताना बोलू नये," भटजी डाफरले. "बोलूक मागीर जल्मभर आसाच!"

आरती झाली. आम्ही वाकलो. "अखंड सौभाग्यवती भव. पुढच्या वर्षी बारशाचें आमंत्रण दियात," म्हणत भटजी स्कूटरवर बसून गेलेसुद्धा.

मागे काहीतरी धाडकन पडलं. शिऱ्याचं पातेलं होतं. आईचे हात तसेच हवेत. तिच्या मागे हार घेतलेले बाबा. किती वेळ झाला होता त्यांना येऊन, कुणास ठाऊक.

साईश उठला. "काका, भटजींची चूक झाली. माझी नाय. मी... कळून-सवरून बसलो."

"आणि ही?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"मी पण," मी म्हणाले. आवाज माझा वाटतच नव्हता.

"पहिल्या खिडकीची चौकट," साईश मान खाली घालून म्हणाला, "मी मुद्दाम दोन बोटं कमी कापली होती. परत करायला चार दिवस जास्त मिळाले."

"काय?" आई-बाबांना विसरून मी ओरडलेच. त्या चौकटीवरून दोन दिवस मी त्याला बोल बोल बोलले होते! आणि इतके दिवस मला वाटत होतं, शहाणी काय ती मीच.

बाबा खोपीभोवती सावकाश फिरले. एकेका खिडकीतून आत डोकावले.

"माका दुसऱ्या खिडकीकच संशय इल्लो," ते म्हणाले. हातातला हार त्यांनी शिंपल्यांच्या खिडकीला अडकवला. "दार आज बसवू नको. उद्या बसव. येताना तुझ्या आईबाबांक घेऊन ये."

साईशचं तोंड उघडंच राहिलं. "उद्या... माका केरीक..."

"केरी खंय पळून जाता?" आई पहिल्यांदाच बोलली. खाली सांडलेल्या शिऱ्याकडे बघत तिने पदर खोचला. "गौरवी, रवो काढ. पावणे येतले म्हणजे शिरा परत करूक व्हयो."