बाळचा डबा

हडपसरच्या सोसायटीची लाइट गेली तशी पोरंपोरी गच्चीवर सतरंजी टाकून बसली. कुणीतरी मोबाइलचा उजेड लावला.

"बंद कर तो," आप्पासाहेब म्हणाले. "भुताचीच ऐकायची ना? मग ऐका. आणि हसू नका. संपत आमच्या मागच्या चाळीत राहायचा. त्यानं मला स्वतः सांगितलंय."

संपत फ्रिज दुरुस्त करायचा. हडपसरभर त्याला बोलावणी असायची, आणि ऐन चैत्रात त्याच्याच घरातला फ्रिज जळाला. त्याची बायको होती प्रेमला; ती म्हणाली, "करा गावाचे फ्रिज गार. आपलं ऱ्हाऊ द्या." एरवी तो हसला असता. पण त्यांच्या शकूला मधुमेह होता. एवढीशी पोर, रोज इन्सुलिनची सुई घ्यायची. पत्र्याच्या घरात, असल्या उन्हात, ते औषध टिकणार नव्हतं.

अशात शनिवार पेठेतून निरोप आला, जुना फ्रिज आहे, चालू आहे, घेऊन जा. संपत टेम्पो घेऊन निघाला. फ्लॅट कुसुमताई नावाच्या बाईंचा. त्या थंडीत वारल्या होत्या, किल्ली शेजारच्या पद्मजाबाईंकडे होती.

"मुलगा अमेरिकेत," कुलूप काढत पद्मजाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी कुसुमला बर्फावर ठेवली होती. येतो येतो म्हणाला, आला नाही. शेवटी पुतण्यानं अग्नी दिला."

संपतनं फ्रीझर उघडला. आत स्टीलचा एक डबा. झाकणावर नाव कोरलेलं, बाळ.

"आमरस आहे तो, गेल्या उन्हाळ्यातला. बाळ येईल तेव्हा खाईल म्हणून साठवलेला. फ्रिज न्या खुशाल. तेवढं खाऊ नका."

"का वो? खराब झालाय?"

"नाही. तुमच्यासाठी ठेवलेला नाही म्हणून."

पेठेतलं बोलणं. संपतनं मनावर घेतलं नाही.

घरी आणून त्यानं फ्रिज पुसला, बर्फ वितळवला. जुना आमरस मोरीत ओतून दिला. डबा मात्र चांगला जाड होता. प्रेमलानं तो घासून ठेवला होता, त्यानं त्यात कापूस अंथरला, इन्सुलिनच्या बाटल्या लावल्या आणि खालच्या कप्प्यात दुधाशेजारी ठेवला.

सकाळी दूध न गोठता तसंच पातळ. डब्यातली एक बाटली मात्र गोठून दगड.

गोठलेलं इन्सुलिन वितळवून चालत नाही, फेकावंच लागतं. संपतनं थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या सकाळी आणखी एक बाटली गेली. त्यानं दाराचं रबर बदललं, आतली वायर न् वायर तपासली. फ्रिजमध्ये दोष सापडेना. आणि फ्रिजवाला माणूस, फ्रिजच्या बाहेर बघणार कुठं?

उरली एक बाटली. दुकानात तसलं औषध संपलेलं, दोन दिवस थांबा म्हणाले. दवाखान्यालाही उद्या अक्षय्य तृतीयेची सुट्टी.

"ती माठाजवळ ठेवा," प्रेमला म्हणाली.

"माठाचं पानी कोमट झालंय. आता फ्रिज चांगला चाललाय, मी बघितलाय."

"कालबी हेच म्हनला."

शकू झोपेत पाणी मागत होती.

त्या रात्री, तृतीयेच्या आदल्या रात्री, संपत फ्रिजसमोर जमिनीवर बसून राहिला. मध्यरात्र झाली असेल. त्याचा स्वतःवरच विश्वास राहिना. त्यानं पिन उपटली. वायर हातात धरून बसला. कॉम्प्रेसर थांबला. घर गप्प झालं.

मग आतून आवाज आला.

चट्... चट्...

बर्फ धरताना येतो तसा.

त्यानं दार उघडलं. फ्रीझरमधून बर्फाची एक पांढरी रेघ खाली उतरत होती. दुधाला वळसा घालून. डब्याकडे.

वायर त्याच्या हातातच होती.

डबा पांढरा झाला. फक्त झाकणावरची अक्षरं स्वच्छ होती. कुणी पदरानं पुसल्यासारखी. आणि वास... पिकलेल्या आंब्याचा.

त्यानं झाकण ओढलं. निघेना. बोटं चिकटली. कातडी सोलली.

"आजी..." तो डब्याकडे बघत म्हणाला. "पोरगी हाय माझी... एकच बाटली हाय..."

काही नाही.

चट्...

मागं कुणीतरी उभं होतं.

तो ओरडलाच. प्रेमला होती. तिनं डब्याकडे बघितलं, नावाकडे बघितलं.

"ह्यातलं कुठं टाकलं तुम्ही?"

"...मोरीत."

ती खाली बसली. पदर डोक्यावर घेतला. आणि डब्याशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी. "आई, चुकलं आमचं. घरात आंबे हायत. तुमच्या बाळाचा डबा मी आत्ता भरून देते. माझ्या बाळाचं औषध तेवढं सोडा."

बराच वेळ काही झालं नाही.

मग झाकण आपोआप सैल झालं. बाटली तळाशी होती. संपतनं ती उजेडात तिरपी केली. आतलं औषध हललं... पातळ होतं.

प्रेमलानं रात्रीच आंबे पिळले. पितरांच्या नैवेद्याला आणलेले, पितरांच्या आधी. डबा भरला, फ्रीझरमध्ये ठेवला. बाटली डब्याशिवाय नुसतीच दुधाशेजारी ठेवली. त्यानंतर तो फ्रिज कधी जास्त गोठला नाही. डब्याला कुणी हात लावला नाही.

दिवाळीत पद्मजाबाईंचा फोन आला. "कसा चाललाय फ्रिज? बाळ येऊन गेला हो एकदाचा. फ्लॅट विकायला. काल रात्री कुसुमच्याच घरात झोपला. सकाळी म्हणतो, घरात आंब्याचा वास येतोय. दिवाळीत आंबे! म्हटलं, तिकडे फार दिवस राहिलास तू."

संपतनं फोन ठेवला. फ्रीझर उघडला.

डबा जागेवर होता. उचलला तर हलका लागला. आत एक थेंब रस नव्हता. घासून, पुसून, कोरडा करून ठेवलेला.

आप्पासाहेब थांबले.

"शेजारणीचा डबा आपण रिकामा परत देतो का?" त्यांनी हळूच विचारलं. "चिमूटभर तरी साखर घालतोच ना आपण..."

तळाशी चिमूटभर साखर होती.

आणि शकूचं दुखणं कळल्या दिवसापासून संपतच्या घरात साखर येत नव्हती.