पाइपाच्या तोंडचा पालक

माझा डावा बूट त्यानेच चिखलातून उपसून काढला. शहराच्या सांडपाण्यावर पिकणाऱ्या भाज्यांत शिसं किती उतरतं, हे पाहायचं आमच्या प्रयोगशाळेचं काम. त्यासाठी मी नमुना घ्यायला त्याच्या शेतात शिरले आणि वाफ्यापर्यंत पोहोचायच्या आतच एका पायावर उभी होते.

"तपासायला आलात की पेरायला?" त्याने बूट उलटा करून पाणी ओतलं. "इथलं पाणी कसदार आहे. बूटसुद्धा उगवेल."

"त्या पाण्याचीच चौकशी आहे," मी रुबाबात म्हटलं. एका पायावर रुबाब फारसा जमत नाही.

तो हसला. गालाला खळी वगैरे नव्हती — मी नीट पाहिलं — पण पुढचे दात जरा पुढे होते आणि नेमके तेच मला आवडून बसले.

"इथेच थांबा. परत रुतलात तर बूट शोधू की तुम्हाला? मी तोडून आणतो."

त्याने लांबून आणलेली पालकाची जुडी इतकी हिरवीगार होती, की ती वाळवून भुकटी करणं माझ्या जिवावर आलं.

पुढच्या आठवड्यात नमुना कमी पडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात सांडला. मग तो 'खात्रीसाठी' हवा होता... बाकीची शेतं एकेका फेरीत उरकली, या शेताची मात्र माझी खात्रीच पटेना. दर वेळी तो तोडायचा आणि मी बांधावरून त्याच्याकडे बघत राहायचे.

"एवढा पालक नेतेस, घरात कुणी अशक्त आहे का गं?" त्याच्या आईने एकदा विचारलं.

"खायला नाही हो, काकू. आम्ही तो ॲसिडमध्ये विरघळवतो."

काकूंनी लेकाकडे पाहिलं. "आणि तू हिच्यासाठी कोवळा कोवळा निवडत बसतोस."

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

मग यंत्रातून आकडे आले आणि माझं हसू मावळलं. शिसं मर्यादेच्या कितीतरी वर होतं. एकच नमुना असता, तर कुठेतरी चूक झाली म्हणता आलं असतं. पण मी हौसेने जमवलेले सगळे नमुने एकाच सुरात बोलत होते. त्याच्याविरुद्ध इतका भक्कम पुरावा मीच गोळा केला होता, तोही प्रेमात पडून. अहवाल गेला की त्याची भाजी बंद, आणि मग तो माझं तोंड तरी कशाला बघेल... शिवाय मायलेक रोज हाच पालक खात होते.

प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आकडे इतके सारखे, म्हणजे सगळे एकाच जागचे दिसतात. नमुना आपण काढायचा असतो, शेतभर फिरून. नोंदीत तर 'शेतकऱ्याने तोडून दिला' असं लिहिलंय. तो तोडत होता तेव्हा तुम्ही काय बघत होतात?"

मी पिशव्यांवरची लेबलं पुन्हा वाचू लागले.

"परत जा. आणि या वेळी भाजीकडे बघा."

मी गेले आणि त्याला सगळं सांगून टाकलं. तो मटकन बांधावर बसला.

"तो सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडचा आहे... तिथे गाळ साचतो, पालक जोमात येतो. वर विहिरीच्या पाण्यावरचा किडका, पिवळट. तसला तुम्हाला कसा द्यायचा?"

"मला सगळीकडचा हवा होता."

"मला चांगला द्यायचा होता," तो म्हणाला.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "आणि तरीही मी आकडे लपवणार नाही."

त्याने पायाने मातीचं एक ढेकूळ फोडलं. मग उठला. "चला. बूट मात्र इथेच काढून ठेवा."

विहिरीकडचा पालक पास झाला. पाइपाकडचा सगळा उपटावा लागला, विक्री निम्म्यावर आली. काकू कितीतरी दिवस माझ्याशी घुश्शातच बोलायच्या. पण बोलायच्या.

मग एका दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, हातात पिवळी फुलं घेऊन.

"पाइपाकडची आहेत. तिथे आता खायचं काही लावत नाही."

मी सवयीने नमुन्याची पिशवी उघडली.

"तपासायची नाहीत, ठेवायची." मग त्याने पाठीमागून दुसरा हात पुढे केला. "खायला हे आहे... तुझ्यासाठी."

पालकाची जुडी होती. पिवळट, पानापानाला भोकं. मी तिथेच एक पान तोडून तोंडात टाकलं.

"आधी धुवा," आतून मॅडम म्हणाल्या.

शेतातली सगळ्यात किडकी जुडी होती ती. इतकं जपून माझ्यासाठी आजवर कुणीच काही निवडलं नव्हतं.