शेवटचा माणूस आहे ना?

या पेजवर रोज कुणाच्या तरी मामाला रस्त्यात पांढरी साडी दिसते. वाचून मीही हसतो.

माझ्या गोष्टीत साडी नाही, अमावस्या नाही, रात्रसुद्धा नाही. लख्ख सकाळ होती आणि माझ्यासोबत एकतीस माणसं होती. खोटं वाटलं तर वाटू दे. मला बरेच जण खोटारडा म्हणून मोकळे झालेत, त्यात आणखी चार जणांची भर पडली तर माझं काय जातंय?

२२ जानेवारी २०२३. रविवार. वसईचा किल्ला.

मी वरद. भिवंडीत राहतो, शाळेत इतिहास शिकवतो. तेव्हा महिन्यातल्या एका रविवारी लोकांना किल्ला दाखवायला न्यायचो. किल्ला म्हणतात, पण आत पोर्तुगीजांचं अख्खं शहर होतं. चौक, बाजार, इस्पितळ, चर्चवर चर्च. आता छपरं गेलीत, भिंती तेवढ्या उभ्या आहेत. मधल्या वाटा झाडीतून जातात. एकामागे एक चालावं लागतं, आणि पुढच्याला मागचा दिसत नाही.

म्हणून आमची एक पद्धत होती. सगळ्यात पुढे मी, सगळ्यात मागे भाविक. डोकी मोजायची नाहीत. मोजत बसलं की सांगण्याचा रंग जातो, असं माझं मत. मोठा शहाणा ना मी! प्रत्येक वळणावर मी नुसतं ओरडायचो, "शेवऽऽट?"

मागून उत्तर यायचं, "हाय! चाल पुढं, मास्तर!"

म्हणजे सगळे आले. पुढे निघायचं.

भाविक राहनाळचा. त्याच्या आज्याने खाडीत होडी चालवली. नंतर जमिनीवर गोदामं झाली, भाविक बसून खाऊ लागला, पण गळा खाडीचाच राहिला. या काठावरून त्या काठाला हाक पोचेल असा. शाळेपासूनचा माझा मित्र. इतिहासात त्याला काडीचा रस नव्हता. माझ्यासाठी यायचा.

त्या सकाळी अंजूर फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. तो छाती चोळत होता.

"मास्तर, जळजळतंय रं. आज ऱ्हाऊ का मी घरी?"

"काल काय हाणलंस?"

"मटण."

"मग जळणारच की! गोळी घे आणि गप चल. आता ऐन वेळी मी दुसरा माणूस कुठून पैदा करू?"

तो हसला. गोळी घेतली, वर माझा चहाही संपवला.

हे मी बोललो. यात भुताचा काही हात नाही.

साडेआठला फेरी सुरू झाली. पहिल्या चर्चमधून निघताना मी हाक दिली.

"शेवऽऽट?"

"हाय! चाल पुढं, मास्तर!"

लोक हसले. नेहमी हसायचे.

पुढचं चर्च थडग्यांचं. तिथे जमिनीतच दगड बसवलेत, त्यांवर मेलेल्यांची नावं कोरलेली. मी रंगात आलो होतो. कोण कुठला सरदार, कुणाची बायको कशाने गेली... सगळं सांगून बाहेर पडलो. हाक दिली.

"शेवऽऽट?"

...

"हाय."

एवढंच.

'चाल पुढं' नाही. 'मास्तर' नाही.

मला वाटलं, सकाळच्या बोलण्याचा राग आला असेल. येऊ दे, संध्याकाळी काढू समजूत. मी मान हलवली आणि चालू लागलो.

बाजाराच्या चौकात पुन्हा हाक दिली. या वेळी माझा शब्द पुरता व्हायच्या आत उत्तर आलं.

"शेव..."

"हाय."

माझ्या मागेच नीरजाताई होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, हातात सतत मोबाइल, सगळ्याचं शूटिंग चालू. त्यांनी वर बघितलं.

"सर, तुमचा माणूस भिंतीवर चढलाय का?"

"का हो?"

"नाही... आवाज वरून आला."

वर काहीच नव्हतं. उघडं आभाळ, आणि भिंतीवर बसलेली कबुतरं. एवढ्या मोठ्या आवाजाने एकही उडालं नव्हतं...

तेव्हाच मला मागे जाऊन बघावंसं वाटलं. खरं सांगतो, वाटलं. पण एकतीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "भिंतींमुळे आवाज घुमतो." इतिहासाचा मास्तर ना, कारण तयारच असतं.

आणखी दोनदा हाक दिली. दोन्ही वेळा "हाय." ना धाप, ना खोकला.

साडेदहाला आम्ही खाडीकडच्या दरवाजातून जेट्टीवर उतरलो. मी कडेला उभा राहून एकेकाला बाहेर येताना बघत होतो. सगळ्यात शेवटी अंबाडीचे कुमार आणि त्यांची बायको आली.

"भाविक कुठाय?"

"कोण, ते मागचे?" कुमार म्हणाले. "अहो, ते आम्हाला थडग्यांपाशीच म्हणाले, तुम्ही चला, मी येतो. आम्हाला वाटलं येतायत मागून. आवाज तर येत होता."

मी दरवाजात गेलो. वाट रिकामी होती. ओरडलो.

"शेवट?"

"हाय."

समोरून. दहा पावलांवरून. आणि समोर कुणी नाही...

"नाटकं बंद कर रे भडव्या, बाहेर ये!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला होता.

यावर उत्तर आलं नाही.

मी धावलो. थडग्यांच्या चर्चपर्यंत सगळी वाट धावलो. तो भिंतीला टेकून बसला होता. पाण्याची बाटली आडवी पडलेली, शर्टाची वरची बटणं उघडी. हात हातात घेतला. गार होता.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "अटॅक. पण लगेच गेले नसावेत. अर्धा-पाऊण तास तरी धडपडले असतील. तेव्हा कुणी आणलं असतं तर..."



त्याच्या मुठीत फोन होता. शेवटचे तीन कॉल मला.

९.१४. ९.१९. ९.३१.

माझा फोन पाठीवरच्या सॅकमध्ये, सायलेंटवर. फेरीत मी नेहमीच तसा ठेवायचो. सांगण्याचा रंग जाऊ नये म्हणून.

म्हणजे तिकडे तो मला फोन लावत होता, आणि इकडे मी हाक देत होतो. आणि मला उत्तर मिळत होतं.

नंतर मी त्या एकतीस जणांना एकेक करून फोन केला. तुम्ही ऐकलंत ना? निम्मे म्हणाले, ऐकलं होतं बहुतेक. बाकीचे म्हणाले, नीट आठवत नाही सर, जाऊ द्या आता. आवाज वरून आला म्हणणाऱ्या नीरजाताईंनी फोनच उचलला नाही.

त्यांनी आपलं शूटिंग भाविकच्या बायकोला, मृणालीला पाठवलं होतं.

तेराव्यानंतर मी राहनाळला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. समोर बसल्या आणि मोबाइल पुढे केला.

"भाऊजी, हे जरा बघा."

व्हिडिओवर वेळ होती, ९.१४. चर्चच्या दारात मी उभा. तोंडाशी हात धरून हाक देतो. थांबतो. मग मान हलवतो आणि पुढे निघतो. माझ्या मागचे लोकही चालू लागतात.

"मी शंभर येळा बघितलं," वहिनी म्हणाल्या. "त्यांचा आवाज न्हाय ह्याच्यात. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता, त्यांनी ओ दिली. कुठं हाय ओ?"

त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. फोन माझ्या कानाला लावला.

आणि मी ऐकलं...

"हाय."

स्पष्ट. कानाला लागून.

मी वहिनींकडे बघितलं. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. आता मी काय सांगायचं? सांगितलं असतं, तर जन्मभर फोन कानाला लावून बसली असती बिचारी, नवऱ्याची एक ओ ऐकायला. आणि तो आवाज त्याचा नव्हता. तो त्या वेळी मला फोन लावत होता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "आवाज नाहीये."

त्यांनी फोन काढून घेतला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं,

"मग भाऊजी, तुम्ही मान कुणाला हलवलीत?"