गाता येईल अशी वाट

"हे 'कोणालाही जमेल' म्हणजे नेमकं कोणाला हो?"

गिर्यारोहण संस्थेच्या ऑफिसात टेबलावर पुस्तिका आपटून तिने विचारलं खरं, पण विचारतानाच धाप लागली आणि रागाची सगळी ऐट गेली. टेबलामागचा माणूस नकाशावरून मान वर करून बघत राहिला. डोंगरातल्या आणि तळ्याकाठच्या वाटा स्वतः चालून बघायच्या आणि कुणाला कुठली झेपेल ते पुस्तिकेत लिहायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला वाटाड्याच म्हणत.

"तळ्याकाठची वाट. दीड तास. सोपी. कोणालाही जमेल!" तिने वाचून दाखवलं. "मला पावणेतीन तास लागले. अर्ध्यात बसून रडले मी. काही वाटतं की नाही असं लिहायला?"

ती शाळेत गाणं शिकवायची. फुप्फुसांच्या दुखण्याने तिला दोन महिने इस्पितळात पाडलं तोवर. जीव घेऊन घरी आली, आवाज तिथेच राहिला. सूर लावायला जावं तर श्वास मध्येच दगा द्यायचा.

वाटाड्याने खुर्ची पुढे सरकवली. "चूक माझी आहे. मी माझ्या पायांनी मोजलं." मग जरा चाचरत म्हणाला, "नवी आवृत्ती काढतोय... तुमच्या पायांनी मोजू या का? दर रविवारी. म्हणजे, तुम्हाला चालणार असेल तर."

"चालवत नाही, हीच तर तक्रार आहे माझी!"

तो हसला. आणि इतक्या दिवसांनी, कशी कोण जाणे, तीही हसली.

त्याची मोजायची रीत साधी होती. चालता चालता गाता आलं, तर त्या माणसाला ती वाट सोपी. नुसतं बोलता आलं, तर मध्यम. बोलणंही फुटेना, तर अवघड. पहिल्या रविवारी सपाट काठावरसुद्धा तिला चार शब्द धड बोलता आले नाहीत. त्याने मुकाट्याने वहीत लिहिलं, तिला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली पुढे केली. उगाच धीर देत बसला नाही. तेच तिला आवडलं.

असे रविवार येत गेले. डोंगर उड्या मारत चढणारा तो माणूस तिच्या बाजूने मुंगीच्या पावलांनी चालायचा. दगडांवरून पलीकडे जाताना हात द्यायचा. पलीकडे गेल्यावरही तो हात थोडा वेळ तसाच राहायचा... दोघंही तळ्याकडे बघायची.

"कंटाळा नाही येत इतकं हळू चालायचा?" तिने एकदा विचारलं.

"आठ वर्षं या वाटेवर फिरतोय. इथे बगळ्याचं घरटं आहे, हे मला तुमच्यामुळे कळलं."

"बगळ्याचंच कौतुक का फक्त?"

त्यावर त्याने वही उघडली आणि काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

चौथ्या रविवारी ती तीन मजले न थांबता चढून घरी गेली. दारात ताई उभी. "अगं, धापा कुठे टाकून आलीस?"

तिला इतका आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी तो मावळला. त्याला आजारी माणसाची पावलं हवी होती. ती बरी झाली, तर हे रविवार कशाचे? मग बाईसाहेबांनी लबाडी सुरू केली. दर बाकावर बसायचं, दर वळणावर बुटाची नाडी बांधायची. पावणेतीन तासांचा आकडा काही हलेना.

"सगळी सोंगं आणावीत बाई," ताई म्हणाली, "दुखण्याचं आणू नये."

नवव्या रविवारी त्याने छापायला जायचं पान दाखवलं. 'तळ्याकाठची वाट. आजारातून उठलेल्यांसाठी. पहिल्या दिवशी पावणेतीन तास. आठ आठवडे चालल्यावर – पावणेतीन तास.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. कुठल्यातरी खाटेवर कुणीतरी हीच ओळ वाचणार. आठ आठवडे चालूनही काही फरक पडत नाही, असं समजून कूस बदलून पडून राहणार. चार महिन्यांपूर्वी तिनेही तेच केलं असतं. तिला स्वतःची शरम वाटली.

पुढे तळं संपून डोंगराचा चढ लागत होता. तिने पान त्याच्या हातात परत दिलं. चढू लागली, आणि चढता चढता गायला लागली. आवाज आधी चिरकला, फाटला. तिने सोडला नाही. दुसऱ्या ओळीला तो लागला. माथ्याशी येईपर्यंत तिच्या गालांवर पाणी होतं आणि श्वास शाबूत होता.

मागे वाटाड्याने वेळ मोजायचं घड्याळ बंद केल्याचा बारीक आवाज झाला.

"मी बरी आहे," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले. खोटं चालले मी तुमच्याबरोबर. ते पान फाडा. रविवार गेले तर गेले."

वाटाड्याने वहीची मागची पानं उघडून तिच्यापुढे धरली. दर रविवारचा वेळ, बाकांवर बसण्यात आणि नाड्या बांधण्यात गेलेला वजा करून. अडीच तास. सव्वादोन. दोन. शेवटचा, एक तास चाळीस मिनिटं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"एका रविवारात सात वेळा नाडी सुटते का कुणाची?" तो खाली बघत म्हणाला. "तीन आठवडे 'मोजणी चालू आहे' म्हणून छापखान्याला थापा मारतोय मी. रविवार माझेही जाणार होते ना. पण ती ओळ मलाही गिळवेना, म्हणून आज पान तुमच्यापुढे ठेवलं."

"मग सरळ बोलला का नाहीत?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं. चढ संपला होता, पाठीवर ओझं नव्हतं, तरी शब्द फुटेना. "बोलता येत नाही..." तो कसाबसा म्हणाला, "तुमच्यासमोर. पहिल्या दिवसापासून."

"अरे देवा. म्हणजे वाट अवघड!"

"हो. पण मला याच वाटेने जायचंय."

तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, खोटा आकडा खोडला आणि खरा लिहिला. पुढे लिहिलं, 'गाता आलं.' मग ते घड्याळ तिने आपल्या खिशात टाकलं आणि त्याचा हात धरला.

"चल," ती म्हणाली. "आता हळू चालू या."