नाव गाळलेला विलाप

बुरुलआत्याला घेऊन नुरजात वाचनालयाच्या सभागृहात शिरली, तेव्हा बिश्केक शहरात नुकते दिवे लागत होते. काम साधं होतं. कार्यक्रमाआधी लेखकाला गाठायचं आणि आत्याच्या मुलावरचा विलाप वाचू नका, एवढं सांगायचं.

आत्याचा अझामत गेल्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळून गेला. लोकरीच्या जाड नमद्याच्या तंबूत त्याला ठेवलं होतं, बायका दाराकडे पाठ करून बसल्या होत्या आणि आत्या गाऊन रडत होती. छायाचित्रकार मार्लेन आणि लेखक इल्गिझ पाहुणे म्हणून आले. पोटभर घोड्याचं मटण खाल्लं आणि जाताना बायकांच्या पाठींचे फोटो आणि आत्याचं रडणं घेऊन गेले.

आता सभागृहात त्यांची विनंती ऐकून इल्गिझने आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. ही आता साऱ्या देशाची ठेव आहे, म्हणाला. "आणि काळजी नको, आजी. मी नाव काढून टाकलंय. आता तो प्रत्येक आईचा मुलगा झाला."

"नाव काढलं?" आत्याचा आवाज खाली आला. "अरे लेकरा, मग ते रडणं जाईल कुणाकडे?"

तो हसला. बक्षीस मिळालेल्या माणसाचं गोड हसू.

आत्याची भीती नुरजातला पटत नव्हती. प्रेत नसताना विलाप म्हटला की तो विलाप स्वतःसाठी मयत शोधत दारोदार फिरतो, असल्या गावगप्पा तिने विद्यापीठात आल्यावर सोडून दिल्या होत्या. तिचा राग सरळ होता. हे चोर आहेत, आणि चोरीच्या मालावर तिकीट लावतात.

मार्लेनने पडद्यावर त्या पाठी दाखवल्या आणि पहाडी स्त्रीच्या मौनावर बोलत राहिला. मौन! त्या दिवशीचा आकांत नदीपलीकडच्या वस्तीने ऐकला होता. पुढच्या रांगेतल्या बायका रेशमी रुमाल सावरत माना डोलावत होत्या. जन्मात एक मेंढी हाकली नव्हती, पण दुःख कसं दिसतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग इल्गिझ वाचू लागला. लोण्यात बुडवलेला आवाज. नाव यायचं तिथे तो थांबायचा, डोळे मिटायचा. अशाच एका थांब्यात बाहेरून आवाज आला.

पुरुषांचं रडणं. मयताच्या घराकडे येताना पुरुष काठीवर वाकून हंबरडा फोडत येतात, तसं. आधी लांबून. मग फाटकाशी. मग जिन्यात... ओल्या लोकरीचा वास दाराखालून आत सरकला.

श्रोत्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मार्लेन इल्गिझकडे झुकला. "तू बोलावलंस?"

"मला वाटलं, तू..."

रडणं दाराशी येऊन थांबलं. मयताच्या दारात भाऊबंद उभे असतात. ते गळ्यात पडतात, मगच आलेला माणूस आत पाऊल टाकतो. इथे कुणी उभं नव्हतं. आत्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली, दाराकडे पाठ केली आणि नुरजातलाही ओढून बसवलं.

"मागे बघू नको... त्याचं नाव घेत राहा."

विद्यापीठ, राग, सगळं बाजूला ठेवून नुरजात पुटपुटत राहिली. अझामत... अझामत... दारामागे कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखी शांतता होती. मग काठ्या वाजत जिना उतरत गेल्या.

इल्गिझने वाचन पुरं केलं, लोक वाइनकडे वळले. खाली कोट सांभाळणारी बाई पांढरीफटक पडली होती. आत्याने तिला जवळ घेऊन हळूच विचारलं.

"मयत कुणाचं, म्हणून विचारत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, इथे कुणी गेलेलं नाही. तर म्हणाले, बोलावणं तर आलंय. वर एक नाव ऐकू आलं, पण त्याला आम्ही केव्हाच पलीकडे पोचवलंय. आता घरोघर विचारतो."

आत्याने डोळे मिटले. पोचला होता तिचा मुलगा. दुआ म्हणत तिने तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

मागून मार्लेन कुणाला तरी सांगत होता की त्या लोकांचे फोटो राहून गेले.

दोघी बाहेर पडल्या. समोरच्या गल्लीत रडणं सुरू झालं होतं. ते एका दारापाशी थांबलं, कडी वाजली. आतून कुणी तरी नाही म्हणालं असावं, कारण ते रडत पुढच्या दाराकडे निघालं. तिथेही थांबलं. तिथूनही निघालं.

नुरजात कान लावून उभी राहिली. त्याच्या पुढच्या दाराशी ते थांबलं... आणि पुन्हा सुरू झालं नाही.