मुकादमाची मालमत्ता

मिरजेच्या गंधविज्ञान प्रयोगशाळेत जे घडलं ते कुणालाही खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एका बोक्याने अख्ख्या कॉलनीचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि तोही एका नामांकित शास्त्रज्ञाच्या हातून! हसणारे हसोत. बोका अजून आहे, शास्त्रज्ञही आहे.

तर त्या दुपारी डॉ. अभिजित गुळवणी गंधलेखकासमोर बसला होता. गंधलेखक म्हणजे कुठल्याही वासाचे रेणू मोजून हुबेहूब तोच वास थेंबाथेंबाने पुन्हा बनवणारं यंत्र. कपाटाएवढं, आणि चालू केलं की शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं फुसफुसणारं.

"चेहरा का असा? पुन्हा सोफा?" शेजारच्या टेबलावरून डॉ. रेश्मा तांबोळीने विचारलं. मांजरांच्या वागणुकीबद्दल तिचा शब्द शेवटचा मानला जाई.

"नवा कोरा सोफा गं! मुकादमाने पार लक्तरं केली." मुकादम हे बोक्याचं नाव. "कापड फाडून त्याला मिळतं तरी काय?"

"फाडत नाही तो, सही करतो. पंजाच्या गाद्यांमध्ये ग्रंथी असतात. ओरबाडलं की तिथे वास उतरतो. वास म्हणतो, हे माझं. विरला की पुन्हा सही."

"आणि सही ताजी असली तर?"

"तर नखं कशाला झिजवील? आपल्याच घरावर कुणी रोज उठून पाटी ठोकतं का? हवंय, पण अजून पक्कं आपलं झालेलं नाही, त्याच्याच मागे लागायचं, ही मांजराची रीत. मला सांग, सोफ्यावर कल्याणी कुठे बसते?"

अभिजितने सोफा आठवून पाहिला. त्याची बायको कल्याणी डावीकडे बसायची. लक्तरं डावीकडेच होती. शेजारच्या त्याच्या आरामखुर्चीवर मात्र एक ओरखडा नव्हता. शोरूममधून आज आणल्यासारखी ती जागच्या जागी चकाकत होती.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. मुकादमाला गटारातून उचललं कुणी? त्याने. ड्रॉपरने दूध पाजलं कुणी? त्याने. तीन वर्षं रोज सकाळी त्याचे पंजे हातात घेऊन कापसाने वासाचे नमुने कुणी टिपले? त्यानेच. आणि कल्याणी बँकेतून आली रे आली की हा लबाड तिच्या पायांत घोटाळणार, मांडी मळणार, डोळे मिटून घरघरणार. "माझा राजा तो!" ती म्हणायची. घरातला दुसरा राजा पेपर उलटा धरून बघत बसायचा.

त्याच आठवड्यात नखगंध तयार झाला. मुकादमाच्या सहीची अचूक नक्कल. माणसाच्या नाकाला पत्ता लागत नाही, कापडात किंवा कातडीत मुरला की महिनोन्महिने जात नाही. अभिजितने तो सोफ्यावर फवारला. मुकादम आला, हुंगलं आणि आपलंच आहे म्हणून पुढे गेला. नख लावलं नाही!

"म्हणजे आता हा सोफा त्याला हवासा वाटायचाच थांबला?" कल्याणीने विचारलं.

"मिळालेल्या गोष्टीमागे तो लागत नाही," अभिजित छाती काढून म्हणाला.

पण सोफ्यावरची सगळी सवड मुकादमाने आता कल्याणीवर खर्च करायला घेतली. मांडीवरून उतरेना. मग अभिजितच्या डोक्यात विचार आला. सोफ्याला जे लागू, ते बायकोला का नाही? कल्याणीलाही नखगंध लागला तर तीसुद्धा 'मिळालेली' होईल, आणि बोका उरलेल्या माणसाकडे वळेल. उरलेला माणूस कोण, हे उघड होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याने गुलाबदाणीत कुपी रिकामी केली. शिंपडताना कल्याणीच्या हातावर उडेल, एवढाच हिशेब. गुलाबपाणी पाहुण्यांवरच शिंपडतात, हे या महापंडिताच्या ध्यानातच आलं नाही! कॉलनीतली झाडून सगळी बायकामंडळी आली, कल्याणीने हात सैल सोडून शिंपडलं, आणि जी ती तो वास घेऊन आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मुकादमाने कल्याणीकडे पाठ फिरवली. अभिजितने मांडी थोपटली. मुकादम मांडीवरून, जिन्याची पायरी ओलांडावी तसा चालत गेला. कॉलनीत तो वसुलीला निघालेल्या जहागीरदारासारखा हिंडे. कुणाच्या पायाला अंग घासणं नाही, कुणाच्या दाराला नख नाही.

फक्त तळमजल्यावर बाबरकाकांकडे मात्र गेला की दिवसभर येईना. बाबरकाका म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर, एकटे. त्यांच्या घरी ना बायको ना सून. त्यांचा रेक्झिनचा कोच मुकादमाने चार दिवसांत उसवला, आणि काका जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून आत नेऊ लागले. "बघा की वो, माझ्याच जाग्यावर! पोरगं लई लळा लावतंय."

अभिजितने खिडकीतून तो लोंबणारा काथ्या पाहिला आणि त्याला आपल्या धड सोफ्याची लाज वाटली. घरी येऊन त्याने आरामखुर्चीचा हात काट्याच्या चमच्याने खरवडला. मुकादमाने जांभई दिली.

"असं का झालं?" अखेर त्याने सगळं रेश्मापुढे ओकलं.

ती हसली, मग हसायची थांबली. "वेड्या, तीन वर्षं रोज त्याचे पंजे तुझ्या हातात होते. तो वास तुझ्यात कधीच मुरलाय. त्या घरात सगळ्यात आधी त्याचा झालास तो तू. तुझ्या खुर्चीवर सही नव्हती, कारण तुझ्याबद्दल त्याला शंकाच नव्हती. कल्याणीबद्दल होती, म्हणून तिच्यामागे लागायचा. आता कुणाबद्दलच राहिली नाही."

अभिजित घरी आला तेव्हा कल्याणी खिडकीशी उभी होती. खालून बाबरकाकांचं कौतुकाचं बोलणं ऐकू येत होतं.

"काय कमी केलं रे मी त्याला?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "अगं, तो बाबर त्याला सुकट चारतो! मी डोळ्यांनी पाहिलंय. मांजराची जात, खाण्याला भुलली."

कल्याणी सावकाश वळली.

"बाबरकाका माळकरी आहेत, अभिजित. कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत, आणि सुकट चारतात?" ती एकेक पाऊल पुढे आली. "माझ्या हळदीकुंकवाला जी जी आली होती, तिच्या तिच्या घराकडे मुकादम ढुंकून बघत नाही. जिथून कुणीच आलं नव्हतं, तिथे मुक्काम ठोकून बसलाय. आणि 'मिळालेल्या गोष्टीमागे तो लागत नाही', हे कोण म्हणालं होतं छाती काढून? खोटं बोलतोयस तू. सोफ्यावर फवारलंस तेच माझ्यावरही उडवलंस!"