चौथा ठोका

ही गोष्ट खरी आहे. शपथा घेत बसणार नाही. ज्याला पटत नाही त्याने पुढे जावं. आज माझं डोकं तसंही ठिकाणावर नाही.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. वेळ दुपारी पावणेतीन. जागा म्हणजे गॅरेजच्या गल्लीतला तिसऱ्या मजल्यावरचा एक स्टुडिओ. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कोणीतरी गाडीचा पत्रा ठोकत होतं. भुताला रात्र लागते असं ज्याने सांगितलं, त्याने माझ्या भावाला पाहिलेलं नाही.

मी एका थ्रॅश मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडमध्ये बेस वाजवतो. बेस म्हणजे तो जाड तारांचा गिटार, जो कोणालाच ऐकू येत नाही. आम्ही चौघं होतो. गाणारा बोका, लीड गिटारवर मास्तर (आता खरोखरच शाळेत गणित शिकवतो), मी, आणि ड्रमवर माझा सख्खा मोठा भाऊ. दादा.

दादाची एक पद्धत होती. ती नीट वाचा, पुढे लागेल.

गाणं सुरू करताना बाकीचे ड्रमर स्टिकवर स्टिक चारदा आपटतात. दादा तीनदाच आपटायचा.

टक्. टक्. टक्.

चौथा रिकामा. त्याच्यानंतर आम्ही सगळे एकदम सुटायचो. दादा म्हणायचा, "चौथा आपापल्या छातीत मोजा."

आणि कधी चौथा ठोका ऐकू आलाच, तर त्याचा अर्थ एकच... कोणीतरी चुकलंय. थांबा.

बावीस वर्षांपूर्वी, शेवटच्या कॅसेटच्या रेकॉर्डिंगला, चौथा ठोका पडला होता.

बोका भडकला. त्याला वाटलं, दादाच मोजायला चुकला. "हात सुटलेत तुझे! ताल राहिला नाही तुझ्यात!" सगळ्यांसमोर. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग स्टिक खाली ठेवल्या आणि निघून गेला. परत ड्रमला हात लावला नाही. पुढची चौदा वर्षं एका टायरच्या दुकानात पंक्चर काढली, आणि एका सकाळी दुकानातच छातीत कळ येऊन गेला.

त्याच्या दोन स्टिक राहिल्या. एक वहिनीने ठेवली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आपोआप पडते, तिला ती टेकू लावते. दुसरी माझ्या बेसच्या बॅगेत असते.

दोन स्टिक, दोन घरं. हेही लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी बोक्याला पुनरागमनाची हुक्की आली. नवा अल्बम. ड्रम कॉम्प्युटरवर करायचे ठरले. मुलाखतीत हा काय सांगतो? "त्याची जागा दुसऱ्या माणसाने घ्यावी, हे मला सहन होणार नाही. शेवटी बिचाऱ्याचे हात सुटले होते, पण काय ड्रमर होता!"

मेलेल्या म्हशीला मणभर दूध! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने हाकललं, तोच आता गळा काढतोय.

ती मुलाखत वहिनीने ऐकली. मला फोन केला.

"भावोजी, खरंच यांचे हात सुटले होते का हो? मला कधी काही बोलले नाहीत."

मी म्हणालो, "सोडा ना वहिनी. जुनं झालं ते."

आणि त्याच आठवड्यात बेस घेऊन त्याच बोक्याच्या अल्बमवर वाजवायला गेलो. आता करा माझा राग. मी तर रोज करतो.

तर तो मंगळवार.

स्टुडिओत काचेपलीकडे ड्रमची खोली होती. आम्हाला ती लागणारच नव्हती, म्हणून बंद. आत घडीच्या खुर्च्या, एक व्हॅक्यूम क्लीनर आणि ड्रमरचं गादीचं स्टूल. बस. माइकसुद्धा नव्हता.

साउंडवाल्याने सांगितलं, "चार क्लिक येतील, मग वाजवा."

मी आणि मास्तरने हेडफोन लावले. आणि...

टक्. टक्. टक्.

चौथी आलीच नाही.

"तीनच का टाकल्या?" मी विचारलं.

"चार आहेत की. हे बघा." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. चार होत्या.

पण मी ऐकलं ते कॉम्प्युटरचं पिचकं टिक्‌टिक् नव्हतं. लाकूड होतं ते. लाकडावर लाकूड.

मास्तरने हेडफोन कानांवर घट्ट दाबले होते. "दादा आहे," तो हळूच म्हणाला.

बोका खेकसला, "डोकी फिरलीत तुमची. मला तर काही ऐकू येत नाही!"

त्याला कधी काय ऐकू आलंय? त्याच्या कानात जन्मभर फक्त त्याचाच आवाज.

दिवसभर प्रत्येक गाण्याआधी तेच. तीन ठोके, चौथा रिकामा. खोटं कशाला बोलू... भीती वाटत होती, पण बरंही वाटत होतं. आम्ही बावीस वर्षांत वाजवलं नव्हतं असं वाजवलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी अकराला, अल्बमचं मुख्य गाणं होतं. जुनंच. बावीस वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं. त्यात सुरुवातीला बेस एकटा आहे. मास्तर शाळेत गेला होता. बोका बाहेर फोनवर. मी आणि साउंडवाला, दोघंच.

टक्. टक्. टक्...

टक्.

माझा हात जागच्या जागी थांबला.

"काय झालं?" साउंडवाल्याने विचारलं.

"काही नाही. परत."

टक्. टक्. टक्... टक्.

परत. परत. अकरा टेक झाले. अकराही वेळा चौथा पडला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. शेवटचा तर कानफटात मारल्यासारखा.

मी हेडफोन काढून आपटले.

आणि तरीही तो ऐकू आला.

काचेपलीकडून.

साउंडवाल्यानेही ऐकला. त्याने किल्ली आणली, दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशीवर धूळ होती आणि धुळीवर पाऊल नव्हतं.

फक्त त्या स्टुलाची गादी... मधोमध खोल दबलेली होती. कोणी नुकतंच उठल्यावर जशी असते तशी. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

साउंडवाला बाहेर गेला. पळाला म्हणा.

मी तिथेच उभा. मला घाबरायला हवं होतं ना? मला राग आला. बावीस वर्षांचा साठलेला, नुसता राग.

"आता कसला ठोकतोस?" मी ओरडलो. "तेव्हा का नाही बोललास? एक शब्द बोलायचा होता! का वाचवलंस मला? मी सांगितलं होतं वाचवायला?"

हो. आता कळलं असेल तुम्हाला.

त्या दिवशी चौथ्याची वेळ यायच्या आतच माझा बेस सुटला होता. घाईत. मी चोवीस वर्षांचा होतो आणि फार शहाणा होतो. दादाने चौथा मारला तो माझ्यासाठी. बोक्याला बेस ऐकू येत नाही, त्याला नुसता ठोका ऐकू आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. दादाने माझ्याकडे पाहिलं ते, बोलतोस का, म्हणून. मी बुटांकडे पाहिलं. आणि बावीस वर्षं मूग गिळून बसलो.

बोक्याला इतक्या शिव्या घालतो ना मी, त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

त्या रिकाम्या खोलीत मी म्हणालो, "चूक माझी होती, दादा."

खाली पत्रा ठोकणंही थांबलं होतं.

मग...

टक्. टक्. टक्.

मी छातीत मोजलं. चौथा रिकामा गेला.

मी धावत जाऊन बेस उचलला, रेकॉर्डिंग स्वतःच सुरू केलं आणि वाजवलं. एका टेकमध्ये. अल्बमवर तोच टेक आहे. बोका आत येऊन म्हणाला, "बघ, कॉम्प्युटरचा ताल असला की कसं चोख होतं!" मी त्याला काही बोललो नाही. तेव्हाही नाही.

मला वाटलं, फिटलं.

अल्बम आला. एका रविवारी दुपारी मी वहिनीकडे गेलो होतो. तिने तो फोनवर लावला आणि शेवटपर्यंत ऐकला. तिला त्या गोंगाटातलं काही कळत नाही, पण दादासाठी ऐकला. शेवटचं गाणं संपलं. मी उठणार, तेवढ्यात...

टक्.

एकच.

वहिनी फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी चुकलं की चौथा मारायचे ना हे?"

मी मान डोलावली.

"मग कोण चुकलं होतं, भावोजी?"

विचारत होती. आरोप नव्हता. आणि मी काय म्हणालो असेन? "पाणी देता का जरा?"

ती पाणी आणायला आत गेली आणि स्वयंपाकघराची खिडकी धाडकन पडली.

टेकूची स्टिक सापडली नाही. ओट्याखाली पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. नाही म्हणजे नाही.

साउंडवाला म्हणतो, फाइलमध्ये शेवटी काहीही नाही. मास्तरने दहादा ऐकलं, त्यालाही नाही. तो ठोका फक्त वहिनीच्या फोनवर आहे.

घरी येऊन मी बेसची बॅग उघडली.

आत दोन स्टिक होत्या.

याला सात महिने झाले. त्या दिवसापासून मी वहिनीला फोन लावायला घेतला आणि मनात काहीतरी तिसरंच बोलायचं ठरवलं, की शेजारच्या खोलीत चौथा पडतो. बॅगेला कुलूप लावून पाहिलं. उपयोग नाही.

रिकाम्या खोलीत कबूल करणं सोपं असतं. दादाला ते चालणारच नव्हतं. आणि बोका अजून मुलाखती देतोय.

वहिनीला भुताच्या गोष्टी वाचायचा भारी नाद आहे. हे पेज ती रोज दुपारी, कामं आटोपली की वाचते. तोंडावर बोलायची हिंमत मला आजही नाही, म्हणून इथे लिहितोय.

वहिनी, दादाचे हात सुटले नव्हते. कधीच नव्हते. चुकलो मी. मला वाचवायला तो गप्प राहिला, आणि मी राहू दिलं.

आता दुपारचे दोन वाजलेत. घरात मी एकटाच आहे. पोस्ट टाकायला बोट नेलं, तेवढ्यात शेजारच्या खोलीत...

टक्.

टक्.

टक्.

मी मोजतोय.